‘बाग फुटली’ म्हणजे नेमकं काय झालं? (फुटणे, तुटणे, मोडणे, फाटणे)

गोदाकाठी (धागाकर्ती)

नाशकात अंबडला आमच्या ऑफिसात कोइमतूरहून बदली होऊन आलेला एक सहकारी आहे. मराठी शिकायचं त्याने फार मनावर घेतलंय, खिशात वही घेऊन फिरतो. परवा कँटीनमध्ये दिंडोरीकडचा एक जण फोनवर कुणाला तरी सांगत होता, “बाग एकसारखी फुटली, आता काळजी नाही.” आमचा विद्यार्थी ताट बाजूला सारून त्याच्यापाशी गेला आणि पडेल चेहऱ्याने म्हणाला, “फार वाईट झालं. विमा होता का?”

हसून पुरेवाट झाली. पण मग त्याला समजवायला बसले आणि माझीच बोलती बंद. काच फुटली, वाईट. बाग फुटली, चांगलं. धरण फुटलं, भयंकर. पान्हा फुटला, चांगलं. पेपर फुटला, वाईट (काहींसाठी चांगलं). त्याच्या वहीत आता एक अख्खं पान ‘फुटणे’चं आहे: घाम, रडू, हसू, कोंब, पालवी, कंठ, मिसरूड, उकळी, तांबडं, बिंग, पाझर, डोकं, फटाका, आमदार. खाली लाल पेनाने लिहिलंय, ‘कसं काय?’

तर जाणकारहो, हे सगळं एकच क्रियापद आहे की योगायोगाने सारखी दिसणारी दोन? आणि तुटणे, मोडणे, फाटणे ही बाकीची मंडळी कुठे वापरायची याला काही धोरण आहे का? ‘सवयीने कळतं’ हे उत्तर देऊन बघितलंय, चाललं नाही.

तर्रीबाज

सवयीने कळतं.

गोदाकाठी

तर्रीबाज, तुम्ही मिसळीच्या धाग्यावरच बरे.

काडीओलांडा

ताई, पिंपळगाव बसवंतकडचा द्राक्षवाला आहे, त्यामुळे शब्दाचं नाही, बागेचं सांगतो.

ऑक्टोबर छाटणी झाली की वेलीवर नुसत्या काड्या उरतात. काडीवर जे डोळे राखतो त्यांच्यात पुढचा सगळा हंगाम बंद असतो, अगदी घडसुद्धा. तो घड काही ऑक्टोबरात तयार होत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडी वाढते, तेव्हाच डोळ्यात त्याची मांडणी होऊन बसते. आता आपल्याकडे द्राक्षाला हवी तशी लांबलचक कडक थंडी नाही, त्यामुळे सगळे डोळे एकदम जागे होत नाहीत. शेंड्याकडचे आधी निघतात, मागचे झोपून राहतात. म्हणून छाटणी झाली की डोळ्यांना पेस्ट लावायची, हायड्रोजन सायनामाइडची. मग आठवड्या-दहा दिवसांत डोळा फुगतो, कापसतो म्हणजे वर कापसासारखी लव दिसते, आणि मग हिरवा पोंगा बाहेर येतो. याला आम्ही डोळा फुटला म्हणतो. सगळे बरोबर आले तर ‘बाग एकसारखी फुटली’. नाहीतर ‘मागेपुढे फुटली’, आणि मग औषधं, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, विरळणी, सगळंच मागेपुढे. तुमच्या दिंडोरीवाल्याचा जीव भांड्यात पडला होता तो यामुळे.

आता गंमत बघा. त्याच बागेत फेब्रुवारीत अवकाळी आला, मण्यात साखर भरलेली असताना, तर मणी पाणी ओढून घेतो, सालीला तेवढा ताण सोसत नाही आणि ती चिरते. हे खरं नुकसान. पण त्याला कुणी ‘बाग फुटली’ म्हणत नाही. ‘मणी तडकले’ म्हणतात, नाहीतर सरळ ‘क्रॅकिंग आलं’. आमच्या धंद्यापुरता हिशोब साफ आहे: फुटलं ते वाढणार, तडकलं ते गेलं.

आणि एक सांगा त्याला, आलेल्या सगळ्या फुटी आम्ही ठेवत नाही. घड नसलेली फेलफूट काढायची, बगलफूट काढायची. इथे ‘फूट’ म्हणजे कोवळा फुटवा, भांडण नव्हे.

शब्दखुणा

काडीओलांडा, सुंदर. तुम्ही जे बागेत बघता तेच धातूत आहे.

क्रियापद एकच आहे. संस्कृत ‘स्फुट्’, प्राकृतात ‘फुट्ट’, मराठीत ‘फुटणे’. आणि मूळ ‘स्फुट्’चे अर्थ दोन्हीकडचे आहेत: फुटणे, चिरफाळणे, तसंच उमलणे, उघड होणे. म्हणून संस्कृतातून सरळ उचललेले शब्दही दोन्ही वाटांनी गेलेत. ‘स्फोट’ एकीकडे, ‘प्रस्फुटित’ म्हणजे उमललेलं दुसरीकडे. नुसतं ‘स्फुट’ म्हणजे स्पष्टही आणि सुटंसुटं, किरकोळही. वर्तमानपत्रातली स्फुटं आठवा. त्याचाच गावठी भाऊ ‘फुटकळ’.

व्याकरणकारांनी तर याच्यावर अख्खं तत्त्वज्ञान उभं केलं. भर्तृहरीच्या ‘वाक्यपदीय’मधला ‘स्फोट’ म्हणजे बॉम्ब नव्हे. ध्वनी एकामागून एक कानावर पडतात आणि त्यातून शब्द अखंड रूपाने मनात प्रकट होतो, अर्थ उघडतो, तो स्फोट. ‘आता डोक्यात प्रकाश पडला’ म्हणतो ना आपण, तो क्षण.

तेव्हा गोदाकाठी, तुमच्या विद्यार्थ्याला सांगा की ‘फुटणे’चा अर्थ मुळात ‘मोडतोड’ नाहीच. आत काहीतरी दाबून, मिटून, झाकून ठेवलेलं असतं. वरचं आवरण जातं आणि ते बाहेर येतं. कधी आपलं लक्ष आवरणाकडे असतं: काच, मडकं, डोकं. कधी बाहेर आलेल्याकडे: पालवी, घाम, रडू, तांबडं. घटना तीच, आपण उभे कुठे आहोत तेवढा फरक.

तर्रीबाज

काचेच्या ग्लासात काय दाबून मिटून ठेवलेलं असतं?

शब्दखुणा

आमच्या वेळी दूध असायचं. तुमचं तुम्हाला माहीत.

पाटकरी

काचेचं सोडा, पाण्याचं घ्या. माझं आयुष्य पाटाच्या पाण्यावर गेलं. आमच्यात ‘फुटणे’ आणि ‘फोडणे’ यात जमीन-अस्मानाचा फरक. सरी मुद्दाम फोडून पाणी पुढच्या वाफ्यात घेतलं तर ते काम. तीच सरी आपोआप फुटली तर रात्रभर चिखलात. आणि पाट ‘फुटला’ की कुणी रातोरात ‘फोडला’, यावर पंचनाम्यात केवढी भांडणं होतात म्हणून सांगू. एका मात्रेवरून गुन्हा दाखल होतो.

शब्दखुणा

ही जोडी एकटी नाही. फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, फाटणे-फाडणे, सुटणे-सोडणे. आपसूक होतं तिथे ‘ट’, कुणीतरी करतं तिथे ‘ड’. घरात कप गेला की पोरं बरोब्बर ‘ट’ निवडतात: “आई, कप फुटला.” कप फोडणारा मराठी वाक्यात सापडतच नाही. फार तर ‘माझ्याकडून फुटला’.

मोडणे मात्र दोन्हीकडे ‘ड’च. ‘खुर्ची मोडली’ यावरून कुणी मोडली की स्वतः मोडली, काही पत्ता लागत नाही. सरकारी कार्यालयात अतिशय उपयुक्त क्रियापद.

कॉलेजरोडकर

‘धोरण आहे का’ याचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. सतरा वस्तूंची यादी करण्यापेक्षा त्याच्या हातात चष्मा द्या. काच फुटते, काडी मोडते, अडकवायची दोरी तुटते आणि पुसायचं फडकं फाटतं. चारही क्रियापदं एका डबीत.

दोरीचं काम जोडून ठेवणं. तो जोड गेला की तुटणं. म्हणून बटण तुटतं, चप्पल तुटते, संपर्क तुटतो, ताटातूट होते. काडीचं काम ताठ राहून भार घेणं. ती घडण गेली की मोडणं, मग तुकडे वेगळे होवोत न होवोत. हाड मोडतं तेव्हा ते आतच असतं, पण मोडलेलं असतं. फडकं पातळ आणि पसरलेलं, ते फाटतं. दूध आणि आभाळ आपल्याला पसरलेलं दिसतं म्हणून तेही फाटतं असा माझा अंदाज, त्यावर भांडणार नाही. आणि ज्याला आत-बाहेर आहे ते फुटतं, हे शब्दखुणांनी सांगितलंच.

आता लाक्षणिक अर्थांकडे या. मराठी माणूस तिथेही वस्तूचाच हिशोब करतो. ठरलेलं लग्न ‘मोडतं’, कारण लग्न ठरणं ही मांडणी आहे. नवरा-बायकोचं नातं ‘तुटतं’, कारण तो धागा आहे. भावाभावांत वाटण्या झाल्या की घर ‘फुटतं’, कारण घराला आतली आणि बाहेरची माणसं असतात. आणि हे सगळं बघणाऱ्या आईचं काळीज ‘फाटतं’. एकाच कुटुंबात चार वर्षांत चारही होऊ शकतात, पण अदलाबदल करून बघा, जमत नाही. ‘लग्न फुटलं’ म्हणा बरं.

राजकारणातही हेच. २५ सप्टेंबर २०१४ ला शिवसेना-भाजपची युती ‘तुटली’. सगळीकडे तोच शब्द होता, कारण युती म्हणजे दोघांमधला जोड. पक्ष मात्र ‘फुटतो’. सरकार ‘पडतं’. बैठक ‘फिसकटते’.

मुंबईनाका

मुद्दा राजकारणाचा निघालाच आहे तर, कायद्यातही ‘फूट’ होती हे किती जणांना माहीत आहे? १९८५ च्या ५२व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी आली. तिच्यात पळवाट अशी की विधिमंडळ पक्षातले एक तृतीयांश सदस्य वेगळे झाले तर ती ‘फूट’ मानायची आणि कुणीच अपात्र नाही. म्हणजे एकटा फुटला तर गुन्हेगार, घाऊक फुटले तर सन्माननीय. २००३ च्या ९१व्या दुरुस्तीने ती तरतूद काढून टाकली. आता उरलंय ते विलीनीकरण, तेही दोन तृतीयांशांचं. म्हणजे आजच्या घडीला पक्षात फूट पडते ती पेपरात आणि लोकांच्या तोंडी. अनुसूचीत ‘फूट’ म्हणून सुटका नाही. २०२२ आणि २०२३ मध्ये महाराष्ट्रात जे झालं त्यात मूळ पक्ष कुणाचा यावरच एवढा खल का झाला, याचं अर्धं उत्तर इथे आहे. आता त्या अमुक गटाच्या लोकांनी जे केलं ते तर

संपादक मंडळ

मुंबईनाका, तुमच्या प्रतिसादाचा पुढचा भाग काढला आहे. धागा भाषेचा आहे, तो राजकारणावर नेऊ नये. त्यासाठी वेगळा विभाग आहे.

मुंबईनाका

माझा प्रतिसादच फोडला की हो.

संपादक मंडळ

तोडला. कॉलेजरोडकरांच्या नियमानुसार.

पाथर्डीफाटा

शब्दखुणा आणि कॉलेजरोडकर, तुमचा आत-बाहेरचा सिद्धांत छान आहे, पण तो सगळीकडे लागू होत नाही. आपल्या नाशकात द्वारका चौकात आग्रा रोडवरून पुण्याचा रस्ता फुटतो. रस्त्याच्या आत काय होतं? ‘वाट फुटेल तिकडे पळाले’ यात कुठलं आवरण? आणि एकटा आमदार फुटतो तेव्हा त्याच्यातून काय बाहेर येतं? (संपादक, हा भाषिक प्रश्न आहे.)

पाटकरी

एक गाय कळपातून फुटली की दुसऱ्याच्या पिकात जाते. हा वापर आमदारांपेक्षा जुना आहे.

शब्दखुणा

पाथर्डीफाटा, आक्षेप योग्य आहे आणि पाटकरींनी अर्धं उत्तर दिलंय. इथे आवरण नाही, पण एकवट असलेलं काही आहे: कळप, वाट, पक्ष. त्यातून एक भाग आपल्या दिशेने निघतो. फांदीसुद्धा खोडातून अशीच फुटते. म्हणजे कोंब फुटण्यापासून फांदी फुटण्यापर्यंत आणि तिथून रस्ता फुटण्यापर्यंत एकेक पाऊल आहे. आमदार त्या फांदीवरचा. तुमचं नाव ज्या फाट्यावरून घेतलंय तो फाटा ‘फाटणे’कडून, तिथे तर रस्ताच कापडासारखा दुभागतो. पाथर्डी फाटा, सिन्नर फाटा, नाशिककराचा पत्ता असल्या फाटाफुटीशिवाय पुरा होत नाही.

तरी कबूल करायला हवं की यातले काही वापर निव्वळ शेजारच्या वापराला धरून आलेत. ‘वस्तूला पाय फुटले’ म्हणजे चोरीला गेली, ‘शिंगं फुटली’ म्हणजे माजला, हे कोंबाच्या नमुन्यावर केलेले विनोद आहेत. त्यात धातू शोधत बसू नये.

गोदाकाठी

आणि ‘पेव फुटणे’? ते त्याने पेपरात वाचलं, ‘अनधिकृत क्लासेसचे पेव’. मी ‘खूप झालेत’ एवढंच सांगितलं.

पाटकरी

पेव म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार. खड्डा घ्यायचा, आतून लिंपायचा, तळाला आणि कडेला काड-भूस, त्यात ज्वारी भरायची आणि तोंड मातीने बंद. हवा नाही म्हणून किडा नाही. आत किती आहे ते वरून दिसत नाही, पण फुटलं की दाणेच दाणे. लहानपणी सांगायचे, पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आतली हवा जीव घेते. आता गावात पेव राहिलं नाही, क्लासेस राहिले.

इंदिरानगरची मावशी

इतके पुरुष मिळून चर्चा करताहेत आणि स्वयंपाकघरात कुणी डोकावलं नाही. अहो, रोज दोनदा जी ‘फोडणी’ देतो ती कुठून आली?

घरातले फुटण्याचे प्रकार ऐका. मोहरी फुटली पाहिजे, नाहीतर आमटी कडवट. कढी फुटता कामा नये. ताकातली प्रथिनं आंबट आणि उष्णतेने गोळा होतात, पाणी वेगळं होतं, म्हणून आधी बेसन लावायचं, बारीक आच ठेवायची, आणि उकळी येईतो ढवळणं सोडायचं नाही. दूध मात्र आमच्याकडे ‘नासतं’. सासरी खानदेशात ‘फाटतं’. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई ‘दूध फाटलं’ म्हणाल्या, मला पिशवी फाटली असं वाटलं.

मोदक वाफेवर फुटतो. लाडू वळताना फुटतो. आणि अनारसा? अनारसा तुपात विरघळून पसरला तर तो ‘हसला’ म्हणायचं. दिवाळीच्या दिवशी पंधरा दिवसांची मेहनत कढईत हसते आणि आपण रडतो.

शिवाय ‘फोड’. ती फोड आंब्याची, तो फोड पायावरचा. हे तुमच्या कोइमतूरच्या मुलाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर कुणाच्या घरी जाऊन ‘मला दोन फोड द्या’ म्हणेल.

कॉलेजरोडकर

मावशी, ‘हसला’ जबरदस्त. आणि तिसरी फोडही आहे, शब्दाची. ‘जरा फोड करून सांगा’ म्हणजे उलगडून सांगा. आपण सगळे इथे तेच करतोय.

पंचवटीकर

मावशींच्या अनारशावरून आठवलं. अशुभ टाळायचं म्हणून आपण ‘फुटणे’ मुळात तोंडातून काढतच नाही. नारळ ‘वाढवायचा’, फोडायचा नाही. बांगडी फुटली तर ‘वाढली’. मंगळसूत्र तुटलं तर ‘वाढलं’. संध्याकाळी दुकान बंद करतात तेही ‘वाढवतात’. रामकुंडावर पूजासाहित्याच्या दुकानात जाऊन ‘फोडायला नारळ द्या’ म्हणा, म्हातारे दुकानदार तुम्हाला दुरुस्त करून मग नारळ देतील.

मला वाटतं यात काडीओलांडांच्या बागेचंच शहाणपण आहे. फुटलं ते वाढणार.

शब्दखुणा

मोह होतो खरा, पण नाही. तो निव्वळ भीतीचा उलटा शब्द आहे. घरातले तांदूळ संपले तरी ‘वाढले’ म्हणायची रीत होती. रिकाम्या डब्याचा आणि पालवीचा काय संबंध? बोलल्याने खरं होईल, म्हणून विरुद्ध बोलायचं, एवढंच. आणि गंमत म्हणजे फुटण्याला एवढं घाबरणारी तीच घरं ‘पालवी फुटली’ बिनदिक्कत म्हणतात. तिथे वाढवायची गरज वाटत नाही.

पंचवटीकर

हरकत नाही, माझं म्हणणं मी मागे घेत नाही. आणखी एक नोंदवतो. शाळेच्या पुस्तकांत आणि भाषणांत ‘प्रश्नाला वाचा फोडली’ हे फार येतं. आमच्या पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, त्याच्याबद्दल दरवर्षी हे वाक्य ऐकतो. मला ते खटकतं. बाबासाहेबांचं ‘मूकनायक’ १९२० चं. म्हणजे त्याआधी दहा वर्षं छापून, सभा घेऊन बोलणं चालूच होतं. वाचा फुटलेली होतीच, दरवाजा बंद होता. ‘वाचा फोडली’ म्हटलं की ऐकून न घेणारे वाक्यातून अलगद गायब होतात, मघाच्या कप फोडणाऱ्यासारखे.

शब्दखुणा

हे पटलं. ‘वाचा फुटणे’ हा मूळचा वापर मुक्या माणसाचा किंवा घाबरून गप्प झालेल्याचा आहे. तो अख्ख्या समाजाला लावताना विचार करायला हवा.

सिग्नलवाला

उशिरा आलो. मला एकाच गोष्टीचा राग आहे. मुंबई नाक्यावर उभा राहून रोज ऐकतो, ‘सिग्नल तोडला’. अरे, सिग्नलचा खांब तोडला का? नियम मोडतात, कायदा मोडतात, शब्द मोडतात. १९३० ला जंगल सत्याग्रहात लोकांनी कायदा ‘मोडला’, ‘तोडला’ नाही. हे तोडणं हिंदीतून आलंय. वाहिन्यांवरचे लोक तर ‘रेकॉर्ड तोडला’ म्हणतात. विक्रम मोडतो हो!

तर्रीबाज

तोडलेल्या सिग्नलची आणि मोडलेल्या सिग्नलची पावती सारखीच येते.

कॉलेजरोडकर

सिग्नलवाला, विक्रम आणि नियम याबाबत शंभर टक्के तुमच्या बाजूने. सिग्नलबाबत मात्र लढाई हरलोय आपण. ‘सिग्नल मोडला’ कानाला ठीक लागतं, पण ऐकायला मिळत नाही. बहुतेक लोकांच्या डोक्यात ती रस्त्यावर आडवी धरलेली दोरी आहे, जी तोडून गाडी पुढे जाते.

मोडणे आणि सोडणे यातला एक नाजूक फरक मात्र जपायला हवा. उपास ‘सोडतात’ म्हणजे रीतसर पुरा करून जेवतात. उपास ‘मोडतो’ म्हणजे एकादशीला दुपारी चारला भजी दिसली. उपोषणाच्या बातम्यांत हल्ली दोन्ही सर्रास उलटसुलट छापतात.

इंदिरानगरची मावशी

आणि ‘मोड’ राहिलाच की! मटकीला मोड येतात. तिथे काय मोडलं? नोट मोडून मोड आणतो ती सुट्टी नाणी. दागिने मोडतो ते वितळवायला. एकाच शब्दात अंकुर, चिल्लर आणि सोनाराचं दुकान.

शब्दखुणा

मावशी, तुम्ही धाग्याला नवा फाटा फोडलात! मटकीचा मोड आणि मोडणे यांचं मूळ एकच का, यावर ठाम बोलण्याइतकं माझ्या हाताशी काही नाही, पण वापराची जोडी ‘फुटणे’सारखीच आहे, हे खरं. दाणा उकलतो तेव्हाच कोंब निघतो.

निफाडचा गारठा

आमच्याकडे पारा उतरला की सगळ्या महाराष्ट्राला बातमी मिळते, म्हणून अधिकाराने विचारतो. ओठ ‘फुटतात’ की ‘उलतात’? माझी आजी ‘ओठ उलले, टाचा उलल्या’ म्हणायची. बायको म्हणते असा शब्दच नाही.

काडीओलांडा

आजी बरोबर. सटाण्याकडे डाळिंबवाले अजून ‘फळ उललं’ म्हणतात. पाण्याचा ताण देऊन एकदम भरपूर पाणी सोडलं, किंवा बोरॉन कमी पडलं, की साल वाढत नाही आणि दाणे आतून ढकलतात. एक सरळ चीर जाते आणि आतलं लाल दिसतं. फुटल्यावर तुकडे होतात, उलल्यावर नुसतं उघडं पडतं. ओठांचं तसंच. बायकोला सांगा, शब्द आहे.

निफाडचा गारठा

तुम्हीच सांगा, मी नंबर देतो.

गोदाकाठी

सगळ्यांचे आभार. विद्यार्थ्याला चष्म्याचं उदाहरण लगेच पटलं. ‘हसला’ ऐकून मात्र त्याने वही मिटली. आता त्याची नवी शंका: तांब्याचं भांडं खाली पडलं तर काय होतं? त्याने जुन्या नाशकातून घरी पाठवायला घेतलंय.

पंचवटीकर

चेपतं, पोचा येतो. फार जुनं असेल तर चीर जाते, मग डाग देऊन घ्यायचं. फुटत नाही. ‘फुटकं भांडं’ म्हणतात ते मातीचं.

तर्रीबाज

शेवटचं विचारतो. मिसळीबरोबर पाव तोडायचा की मोडायचा?

इंदिरानगरची मावशी

भाकरी मोडायची. पाव कुस्करायचा. आणि रस्सा निवायच्या आत खायचं, इथे टाइप करत बसायचं नाही.